मान न वळवता

आमचे हे पोस्टमन. सत्तावीस वर्षं एकच बीट सांभाळलं. बीट म्हणजे पोस्टमनच्या वाट्याला आलेला गावाचा तुकडा. ह्यांच्या तुकड्यात एकोणीस गल्ल्या, दोन शाळा, एक दवाखाना आणि नदीकडे उतरणारा एक वाकडातिकडा रस्ता होता. लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं, मुलगा सरकारी नोकरीत आहे. मी मनात एक टेबल आणि एक खुर्ची धरून आले. ह्यांची खुर्ची दोन चाकांवर होती आणि दिवसातले सहा तास ती गावभर हिंडायची.

एकदाच मी ह्यांच्या मागे कॅरिअरवर बसून बाजारात गेले आणि कानाला खडा लावला. कारण हा माणूस सायकल चालवताना रस्त्याकडे बघतच नसे. डावीकडचं दार, उजवीकडचं दार, वरची खिडकी, जिन्याखालचा कोनाडा, सगळीकडे मान फिरायची. समोर तेवढं बघायचं नाही.

"अहो, समोर बघा," मी ओरडले.

"समोरचं चाकांना माहीत आहे," हे म्हणाले.

आणि खरंच, सत्तावीस वर्षांत कधी पडले नाहीत. खड्डा आला की कंबर आपसूक हलायची, सायकल बाजूने निघून जायची, आणि ह्यांची नजर मात्र कुणाच्या तरी ओसरीवर. ज्या घराला टपाल नाही तिकडेही बघायचंच. कुणाच्या दाराला कुलूप लागलं, कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या दोरीवर चार दिवसांपासून तेच कपडे आहेत, सगळं ह्यांना ठाऊक. एकदा एका दारात दुधाच्या दोन पिशव्या तशाच पडलेल्या दिसल्या म्हणून ह्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दार उघडायला लावलं. आतला माणूस तापाने फणफणला होता, उठून पाणी घेण्याइतकीही ताकद नव्हती. दवाखान्यात नेला म्हणून वाचला. मी म्हणायचे, तुम्ही पोस्टमन आहात की पहारेकरी? हे म्हणायचे, "अगं, टपाल असतं चार घरांना. बघायला काय पैसे पडतात?"

मला ह्या गोष्टीचा अभिमान होता. तोंडावर कधी बोलले नाही, कारण आमच्यात तशी पद्धत नाही. तोंडावर मी टाकूनच बोलायची.

ह्यांच्या वयाच्या चौपन्नाव्या वर्षी एका सकाळी हे पलंगावरून उठले आणि जमिनीवर बसले. पडले असं नाही, बसले. दोन्ही हातांनी पलंगाचा पाय धरला आणि म्हणाले, "खोली थांबव." मला आधी वाटलं थट्टा करतात. मग ओकारी झाली, चेहरा पांढराफटक पडला, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी कागदावर कानाचं चित्र काढून दाखवलं. कानाच्या आत खोलवर, शरीराचा तोल सांभाळणारा एक बारीकसा भाग असतो म्हणे. ऐकण्याशी त्याचा संबंध नाही. ह्यांच्या उजव्या कानातला तो भाग कसल्याशा संसर्गाने निकामी झाला होता. ऐकू सगळं येणार, दिसणार सगळं, पण मान झटकन वळवली की जग हलणार.

"बरं होईल ना?" मी विचारलं.

"गरगर थांबेल. गेलेला भाग परत येणार नाही. पण मेंदू दुसरी सोय करतो. आता ह्यांचा तोल डोळ्यांवर राहील. नजर स्थिर असेल तोवर हे स्थिर."

पहिले आठ दिवस हे डोळे मिटून पडून होते. तोंडाने काहीतरी पुटपुटायचे. मी घाबरून जवळ जाऊन ऐकलं, तर घरं म्हणत होते. "सतरा, अठरा, अठराचा मागचा भाग, शिंपी, बंद घर, नकाशेवाल्या बाई, एकवीस..." एकोणीस गल्ल्या, दार न चुकता. ते ऐकताना मला रडू आलं आणि मी रडले. पडल्या पडल्या हा माणूस बीट फिरत होता.

दोन महिन्यांनी हे भिंतीला हात लावून चालायला लागले, तिसऱ्या महिन्यात भिंतीशिवाय. कामावरही जायला लागले. पोस्टमास्तर ह्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण माणूस सरळ. त्यांनी ह्यांना आतल्या टेबलावर टपाल लावायला बसवलं. आलेली पत्रं गल्लीप्रमाणे खणांत टाकायची, एवढंच काम. पगार तोच. डोक्यावर पंखा.

"काका, नियम माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "वर्षअखेरीला बीट कायमचं कुणाला तरी द्यावं लागेल. त्याआधी सायकल चालवून दाखवा. तुमचं बीट तुमचं. नाही जमलं तर आत आहेच."

दुसरा कुणी असता तर पंख्याखाली पाय पसरून बसला असता. हे घरी आले आणि जेवले नाहीत. मी विचारलं काय झालं. म्हणाले, "पत्राच्या पाकिटावर घर दिसत नाही गं. नुसता नंबर दिसतो."

मुलगी दुसऱ्या गावी असते. ती फोनवर म्हणाली, "आई, बाबांना म्हणावं, आता पुरे झालं." मी म्हटलं, तू तुझं बघ. फोन ठेवला आणि ठरवून टाकलं. मला सायकल येत नाही, कधी येत नव्हती. तरी ह्यांना सायकल मीच शिकवणार होते, कारण दुसरं कुणी नव्हतं.

गावाबाहेर एका बंद गोदामामागे मोकळं मैदान आहे. तिकडे आम्ही पहाटे साडेपाचला जायचो, कुणी बघू नये म्हणून. सत्तावीस वर्षं सायकल मारलेला पोस्टमन सायकल शिकतोय हे गावाने बघणं ह्यांना सोसलं नसतं. सायकल मी हातात धरून चालवत न्यायची आणि हे शेजारून पायी. सीट पार खाली उतरवली, दोन्ही तळवे जमिनीला टेकतील इतकी. पॅडल मारायचंच नाही. बसून पायांनी रेटायचं, सायकल चालू लागली की पाय उचलायचे, डगमगली की टेकायचे. लहान मुलं शिकतात तसं. मी चपला काढून कॅरिअर धरून मागून धावायची. पहिल्या दिवशी परत आले तेव्हा माझी कंबर आणि ह्यांचे गुडघे, दोन्ही कामातून गेले होते.

हे पडायचे ते नेहमी एकाच पद्धतीने. पाच-सहा हात नीट जायचे, आता जमलं असं वाटायचं, आणि धाडकन उजवीकडे. आठवडाभर मला कळेना. मग लक्षात आलं. मैदानाच्या कडेला चार घरांची रांग आहे. सायकलने जरा वेग घेतला की ह्यांची मान तिकडे वळायची. कुठलं दार उघडं आहे, कुठे दिवा लागलाय, बघायला. तिथे ह्यांचं बीटही नव्हतं.

"त्या घरात काय ठेवलंय तुमचं?" मी चिडले.

"मी मुद्दाम बघत नाही."

"मग कोण बघतं?"

"मान जाते. सायकलवर बसलं की मान जातेच." हे उठून कोपर झटकत म्हणाले. कोपरातून रक्त येत होतं. "तू काय मला झापडं बांधणार आहेस?"

"बांधीन. लाज वाटणार असेल तर आत्ताच सांगा."

त्यानंतर चार दिवस आम्ही मैदानावर गेलो नाही. बोललोही नाही. मी माझ्या शिवणयंत्रावर बसायची. आमच्या पुढच्या खोलीत मी शिवणकाम करते, शाळांचे गणवेश आणि बायकांचे कपडे. हे संध्याकाळी कामावरून येऊन खिडकीशी बसायचे. चौथ्या दिवशी मी एका पडद्याची लांबलचक शिलाई मारत होते. पडदा संपता संपेना. हे बघत होते. मग स्वतःहून बोलले.

"सुईकडे न बघता सरळ कशी शिवतेस?"

"सुईकडे बघितलं तर शिलाई वाकडी जाते," मी म्हटलं. "नजर पुढे ठेवायची. कापडाची कड जिथून येतेय तिथे. सुई आपोआप मागे येते."

असं बोलता बोलता माझा यंत्रावरचा पाय थांबला. ह्यांनीही माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मैदानावर होतो.

आता मी मागून धावले नाही. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. हातात केशरी रंगाच्या अस्तराचा तुकडा होता, तो डोक्यावर उंच धरला. ह्यांना सांगितलं, "ह्या कापडाशिवाय जगात काहीही नाही असं समजा. चाकाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं नाही. घरांकडे तर नाहीच नाही."

पहिल्यांदा अर्ध्यावर पाय टेकले. दुसऱ्यांदा तीन-चतुर्थांश. पाचव्यांदा हे सरळ माझ्यापर्यंत आले, माझ्या पुढ्यात ब्रेक दाबला आणि डावा पाय जमिनीवर टेकवून उभे राहिले. ह्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी कापडाची घडी करून कमरेला खोचली.

पुढचं सगळं त्याच एका युक्तीवर शिकलो. वळायचं असेल तर आधी पुढची खूण हेरून ठेवायची, झाड, खांब, काहीही. मग मान न हलवता फक्त डोळे खुणेवर न्यायचे आणि हँडल त्यांच्या मागून हळूच. सीट बोटभर बोटभर वर चढली. मग पुढच्या कॅरिअरवर टपालाची पिशवी लावली, आत जुनी वर्तमानपत्रं कोंबून. ओझं पुढे आलं की हँडल वेगळंच वागतं, तेही जमलं. मग एका हाताने चालवणं. मग भिजलेल्या मातीवरून चालवणं, ब्रेक एकदम न दाबता.

राहिली मान. ती अधूनमधून जायचीच. तेव्हा मी एक अभ्यास काढला. मैदानाच्या कडेला उभी राहून मी ह्यांना हाका मारायचे. "अहो." "अहो, इकडे बघा." "अहो, तुमच्या खिशातून काहीतरी पडलं." मान वळली की ती फेरी बाद, पुन्हा पहिल्यापासून. हाक आली तर मान ताठ ठेवायची आणि उत्तर म्हणून घंटी वाजवायची. घंटीची कल्पना माझीच. पहिले काही दिवस दहातल्या सात हाकांना वळायचे. महिन्याभरात एकाही हाकेला वळेनासे झाले. मी आवाज बदलून बघितला, रडवेल्या आवाजात हाक मारून बघितली. घंटी वाजायची, मान ताठ. मला केवढा आनंद झाला होता. मी घरी येऊन गोड केलं होतं.

परीक्षा पोस्टाच्या मागच्या आवारात झाली. चुन्याच्या दोन रेघा मारल्या होत्या, हातभर अंतराच्या. त्यांच्यामधून हळू जायचं, मग चार पिंपांना वळसे, एका हाताने इशारा, उतारावरून येऊन ठरल्या जागी ब्रेक. कार्यालयातली सगळी माणसं काम टाकून जिन्यावर उभी. हे पिशवी लावून बसले आणि दोरी ताणावी तसे रेघांमधून गेले. चुन्याला चाक लागलं नाही. पोस्टमास्तरांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "काका, आमच्या पोरांपेक्षा सफाईदार आहे." माझा जीव भांड्यात पडला.

बीट परत मिळालं. पहिल्या दिवशी गल्ल्यांतून लोक बाहेर आले म्हणे. ह्यांच्या आजाराची बातमी सगळ्यांना होती, आणि मान वळवली तर तोल जातो हेही सगळ्यांना कळलं होतं. लोक दारातून, गच्चीवरून हाका मारायचे, "आलात का परत?", "जपून हो." हे घंटी वाजवून पुढे जायचे. ज्या घरचं टपाल असेल तिथे थांबायचे, पाय टेकून, सावकाश वळून पत्र द्यायचे, चार शब्द बोलायचे आणि निघायचे. बाकी घरांवरून सरळ. मी बाजाराला जाता येता मुद्दाम ह्यांच्या वाटेवर थांबायचे. ताठ मान, नजर लांब कुठेतरी, सायकल जराही हलत नाही. काय रुबाब होता. ती शिलाई माझी होती, असं मला वाटायचं, आणि मी मनातल्या मनात मिरवून घ्यायचे.

तीन आठवडे असे गेले.

बाराव्या गल्लीत नकाशेवाल्या बाई राहायच्या. जमीन मोजणीच्या कार्यालयात त्यांनी आयुष्यभर नकाशे काढले, म्हणून हे नाव. वय ऐंशीच्या घरात, एकट्या. मुलगा परदेशात, महिन्यातून एखादं पत्र. त्यांचं दार रस्त्याला लागून, दोन पायऱ्या वर. त्या मंगळवारी त्यांचं टपाल नव्हतं. सकाळी अकराच्या सुमाराला त्या दारातलं पायपुसणं झटकायला आल्या, पाय सरकला, आणि उंबऱ्यात आडव्या पडल्या. मांडीचं हाड मोडलं होतं. उठता येईना. कामाचा दिवस, सगळे कामावर, गल्लीत चिटपाखरू नाही. साडेतीनला गॅसची टाकी द्यायला माणूस आला, त्याने बघितलं.

आम्हाला संध्याकाळी कळलं. हे म्हणाले, "अकरा? सव्वाअकराला मी तिथून गेलो." एवढंच बोलले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही रुग्णालयात गेलो. बाईंची शस्त्रक्रिया झाली होती. चेहरा बारीक झालेला, ओठ कोरडे, पण शुद्धीवर होत्या. मी जवळच्या स्टुलावर बसले. हे पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. मी विचारलं, दुखतंय का, काही हवं का. बाईंनी ह्यांच्याकडे बघितलं आणि हसल्या.

"काल बघितलं हो मी तुम्हाला," त्या म्हणाल्या. "फार छान चालवत होतात. अगदी रेघ मारल्यासारखं. पडल्या पडल्याही मला बरं वाटलं."

ह्यांनी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

"हाक मारली होती दोनदा," बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "ह्यांनी घंटी वाजवली दोन्ही वेळेला. मग म्हटलं, ऐकू तर गेलंय. तिसऱ्यांदा मारणार होते, पण गप्प राहिले. जोरात ओरडले आणि ह्यांनी मान वळवली तर पडायचे. दोघं पडून कसं चालेल? म्हटलं, येईलच कुणीतरी."

साडेचार तास त्या उंबऱ्यात पडून होत्या. आमची तक्रार म्हणून नव्हत्या सांगत. कौतुकाने सांगत होत्या. मला वाटलं ह्या स्टुलासकट मला जमिनीने पोटात घ्यावं. मी ह्यांच्याकडे बघायचं धाडस केलं नाही.

घरी आल्यावर हे चपला न काढताच बसले.

"मी आवाज ओळखला होता," हे म्हणाले. "वाटलं, कौतुक करतायत. तू शिकवलंस तसं केलं."

तू शिकवलंस, हे त्यांनी दोष म्हणून म्हटलं नव्हतं. पण खरं तेच होतं. मैदानावर रडवेल्या आवाजात हाक मारणारी मीच. त्या हाकेला मान ताठ राहिली म्हणून घरी गोड करणारी मीच. ह्यांनी सत्तावीस वर्षांत जे कमावलं होतं ते मी एका महिन्यात घालवलं, आणि ते घालवल्याशिवाय सायकल आली नसती, हेही खरं. हे दोन्ही खरं असणं मला सहन होत नव्हतं.

मी म्हटलं, "अहो, उपाय आहे. ह्यापुढे कुणीही हाक मारली की थांबायचं. पाय टेकायचा, सावकाश बघायचं, मग निघायचं. घंटीबिंटी काही नाही. थोडा उशीर होईल. होऊ दे."

ह्यांनी मान हलवली, सावकाश, आता हलवायचे तशी.

"हाक मारली तर थांबेन गं. पण तो तापातला माणूस कुठे हाक मारत होता?"

दारात पडलेल्या दुधाच्या त्या दोन पिशव्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या.

"एकोणीस गल्ल्या चालत होणार नाहीत?" मी विचारलं.

"एका दिवसात नाही."

दुसऱ्या दिवशी हे सायकल हातात धरून पोस्टात गेले आणि पोस्टमास्तरांना म्हणाले, बीट दुसऱ्या कुणाला द्या. पोस्टमास्तरांनी समजावलं. म्हणाले, तुम्ही नियम मोडला नाहीत, टपाल वेळेवर गेलं, तुमच्याविरुद्ध कुणाचं काही नाही. हे म्हणाले, "साहेब, मला सायकल चालवता येते. बीट फिरता येत नाही आता." मग ह्यांनी एकच गोष्ट मागितली. जो कुणी नवा येईल त्याच्याबरोबर पंधरा दिवस चालायची परवानगी.

महिन्याभराने जी नवी पोस्टमन आली ती बाई होती, पस्तिशीची, दोन मुलांची आई. आधी एका दुकानाची औषधं सायकलवरून घरपोच द्यायची. हात पक्का, ब्रेक पक्का. तिला मिळालेला खाकी शर्ट आत दोन बायका मावतील इतका मोठा होता. ह्यांनी तो माझ्याकडे आणून दिला. मी खांद्यात आणि बाजूंना शिवून लहान केला. शिवताना रडले नाही. ह्यांच्या शर्टाची कॉलर मी किती वेळा उलटवून शिवली असेल, ते मात्र आठवत होतं.

शर्ट द्यायला मी दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या वाटेवर गेले. ती दोघं बाराव्या गल्लीच्या तोंडाशी होती. ती सायकलवर, पाय टेकून, आणि हे शेजारी उभे. मी कोपऱ्यावरच थांबले.

"काका, घरं पाठ झालीत माझी," ती म्हणत होती. "पण चालवताना इकडेतिकडे बघायचं मला जमत नाही. पुढे खड्डे आहेत, पोरं मध्येच धावत येतात. समोर बघायला नको का?"

"हवं ना," हे म्हणाले. "ते मी बघतो."

हे सायकलच्या मागे गेले. एका हाताने कॅरिअर धरलं. नजर गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला लावली, मान ताठ केली.

"चल. तू समोर बघायचं नाहीस. फक्त दारं बघायची आणि मला सांगत जायचं. खड्डा आला की मी डावं-उजवं सांगेन."

ती निघाली. सुरुवातीला सायकल सापासारखी गेली. हे मागून धावत होते, चौपन्न वर्षांचा माणूस, आणि एका लयीत बोलत होते, "डावं. सरळ. आता जरा उजवं." आणि तिचा आवाज येत होता, आधी अडखळत, मग मोकळा. "हिरवं दार, बंद. पुढचं उघडं, आत कुणीतरी शिवतंय. इथे कुलूप. इथे दोन चपला, काल एकच होती."

"बरोबर. पुढे?"

"खिडकीत म्हाताऱ्या बाई आहेत, काका. बसल्यात. काठी शेजारी." तिने पुन्हा बघितलं. "इकडेच बघतायत. तुम्हाला हात करतायत."

ह्यांची मान हलली नाही. धावता धावता दम लागला होता, तरी आवाज नीट होता.

"मला नाही," हे म्हणाले. "पोस्टमनला करतायत. तू हात कर त्यांना."

तिने हँडलवरचा एक हात सोडून वर केला. सायकल एकदम कलली. ह्यांनी दुसरा हातही कॅरिअरला लावला आणि ती सरळ होईपर्यंत धरून ठेवली.